वीज देऊन जाणारा चोर

१

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "मीटरचं सील दाखवा."

बेलीफमामा डबा हातात घेऊन दारातच थबकले. भाचीला जेवण पोचवायला आले होते; आत जावं की मागं फिरावं ते त्यांना समजेना. उभी हयात त्यांनी कोर्टाचे कागद घरोघर वाटण्यात घालवली होती. कुठल्या खोलीत वाईट बातमी येऊन बसली आहे, हे त्यांना उंबऱ्यावरूनच कळायचं. या खोलीत ती खुर्ची ओढून ऐसपैस बसली होती.

खोली म्हणजे गावाच्या सौर केंद्राचं ऑफिस. एक टेबल, एक पडदा, भिंतीवर राखाडी पेट्या, आणि मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या पॅनेलांच्या लांबच लांब रांगा. मामांची भाची केंद्राची प्रमुख. पूर्वी गावाला वीज मिळायची ती डिझेल इंजिनाची, दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत. आता दवाखान्यातला फ्रीज दिवसरात्र चालायचा, शिंपिणीची मशीन चालायची, गिरणी चालायची. लोक तिला सौरताई म्हणायचे, आणि ती ज्यांना मामा म्हणायची त्यांना सगळं गावच मामा म्हणू लागलं होतं.

भाचीनं पेटीचं झाकण उघडलं. वीज कार्यालयाच्या मोठ्या बाईंनी वाकून पाहिलं, सील बोटानं चाचपलं.

"शाबूत आहे." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मामांना जास्त धास्ती वाटली. "मग मला हे समजावून सांगा. केंद्रातून गावात जेवढी वीज गेली, त्यापेक्षा गावानं जास्त वापरली. घराघरांतल्या मीटरांची बेरीज तुमच्या मीटरपेक्षा मोठी येतेय. कमी आली असती तर मी काही विचारलं नसतं. थोडी तारांत जाते, कुणी आकडा टाकतो. पण जास्त?"

"मीही तेच शोधतेय, मॅडम. पावसाची झड लागली तेव्हापासून हे सुरू आहे."

"हंड्यात पेलाभर पाणी ओतलं आणि काढताना दोन पेले निघाले, असं कधी होतं का? म्हणजे ओतायचं मापच खोटं. केंद्राच्या मीटरला वळसा घालून कुणीतरी वीज बाहेर सोडतंय, असा याचा अर्थ निघतो." मोठ्या बाईंनी दाराच्या कुलपाकडे पाहिलं. "आणि या खोलीची किल्ली फक्त तुमच्याकडे असते."

भाचीचा चेहरा उतरला. पण मान खाली गेली नाही, हे मामांनी पाहिलं.

"तुम्ही असं काही केलं असेल असं मला वाटत नाही," मोठ्या बाई पर्स उचलत म्हणाल्या. "पण मला वाटण्यावर फाइल चालत नाही. पुढच्या आठवड्यात येईन. तोवर कारण सापडलं नाही, तर तुम्हाला बाजूला करून दुसरा माणूस नेमावा लागेल. आणि टेकडीवरच्या वस्तीला वीज द्यायचं पुढचं काम आहे ना, तेही मग लांबणीवर."

जाता जाता त्यांनी मामांकडे पाहून मान हलवली. "डबा गार होतोय," म्हणाल्या.

डबा गारच झाला.

२

"मामा, माझ्या हातून काहीतरी राहिलंय का रे?" भाची म्हणाली. "मी सगळे जोड तपासले. दोनदा."

"ते तुझं काम, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू मला माणसाचं विचार." मामांनी डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "चोर कोण ते मागाहून बघू. आधी सांग, चोर येतो कधी?"

"चोर कसला! चोर वीज नेतो. हा देऊन जातोय."

"बरं, दाता म्हण. येतो कधी?"

भाचीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर डोंगररांगेसारखी एक रेघ होती.

"फक्त दिवसा. सकाळी गाव कामाला लागलं की हा सुरू, संध्याकाळी बंद."

"पक्का नोकरदार आहे."

"आणि साप्ताहिक सुट्टीही घेतो," भाचीला नाही म्हटलं तरी हसू आलं. "दर बाजाराच्या दिवशी काही नाही. रेघ सपाट."

मामा पुढं सरसावले. "आणि सगळ्यात जास्त कधी?"

"तेच तर विचित्र आहे. मला वाटलं होतं, ढग असतात तेव्हा आपली पॅनेलं कमी देतात, तर कुणी कळवळ्यानं भर घालत असेल. पण तसं नाही. सगळ्यात जास्त येतेय ती पाऊस थांबून लख्ख ऊन पडल्यावर. आपल्याला गरज नसते तेव्हा."

"आणि कमी कुणाचं झालं? कुणाच्या घरचा वापर घटलाय?"

"गिरणीचा. पण सर्द हवेत दळण कमीच येतं, त्यात नवल काय?"

मामा उठले. त्यांना एकच गोष्ट दिसत होती. वीज तयार करायचं यंत्र गावात केंद्राशिवाय एकच होतं. आणि त्या यंत्राचा मालक दर बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीनं लेकीकडे जायचा.

३

इंजिनवाला आपल्या शेडमध्ये होता. पितळी नळी फडक्यानं घासत होता. ती इतकी लखलखत होती, की मामांना तिच्यात आपला वाकडा झालेला चेहरा दिसला.

"बंद इंजिनाचं एवढं कौतुक?" मामांनी सुरुवात केली.

"बंद असलं म्हणून काय मेलं का? तू नाही का, रिटायर झालास तरी दाढी करतोस."

मामांनी हा टोला मुकाट्यानं गिळला. शेडमध्ये डिझेलचा वास होता. कॅनमध्ये तेल होतं. जुन्या तारा शेडच्या भिंतीतून निघून अजूनही गावाच्या खांबापर्यंत जात होत्या. अडीअडचणीला असू द्या म्हणून भाचीनंच त्या राखल्या होत्या.

"एकदा चालू करून दाखव की. बऱ्याच दिवसांत आवाज ऐकला नाही."

इंजिनवाल्याचा हात थांबला. "नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना! तुझ्या भाचीनं माझं इंजिन बंद पाडलं. आता तुझ्या करमणुकीला मी ते चालवायचं?" तो उठला आणि मागच्या भिंतीशी, जिथून धुराचा पाइप बाहेर जायचा तिथं, पाठ लावून उभा राहिला. राग चढलेला माणूस पुढं येतो. हा मागं सरकला होता.

आयुष्यभर मामांनी दारं पाहिली होती. दारात उभा राहिलेला माणूस कुठली बाजू अडवतो, त्यावरून घरात काय आहे ते त्यांना समजायचं. ते बाहेर आले आणि शेडला वळसा घालून मागं गेले.

"अरे, तिकडं जाऊ नको!" इंजिनवाला धावत मागून आला.

धुराच्या पाइपाच्या तोंडातून काड्या बाहेर आल्या होत्या. मामांनी टाचा उंचावून पाहिलं. आत चार चोची एकदम वासल्या गेल्या आणि एकच कालवा झाला.

इंजिनवाल्यानं मामांचा हात धरून त्यांना मागं ओढलं.

"झड लागायच्या आधीपासून आहेत," इंजिनवाला खालच्या आवाजात म्हणाला. "आधी अंडी होती. म्हटलं, उडून जाऊ देत, मग एकदा चालवून बघू. गावात बोलू नकोस हं. म्हणतील, एवढ्या मोठ्या इंजिनाचा ड्रायव्हर आता पाखरं राखतो."

"माझ्या तोंडाला कुलूप," मामा म्हणाले. आणि त्यांच्या मनातलं एक नाव पुसलं गेलं. या पाइपातून इतक्या दिवसांत फुंकरसुद्धा बाहेर पडली नव्हती.

पण मग वीज देत होतं कोण?

४

उरलं काय, तर कमी झालेला वापर. मामा ओढ्याकाठच्या गिरणीकडे वळले.

गिरणीवाला आणि मामा यांचा संबंध जुना. कधीकाळी बांधाच्या भांडणातलं समन्स घेऊन मामा त्याच्या दारात गेले होते. बायकोनं दार किलकिलं करून "ते घरी नाहीत" म्हणून सांगितलं, आणि नेमक्या त्याच वेळी दारामागं कुणीतरी खणखणीत शिंकलं. पिठात जन्म काढलेल्या माणसाची शिंक ती, लपते थोडीच. त्यावरून दोघं आजही हसायचे.

आज गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. तरी दगड फिरत होता. वरचा दगड जरासा उचलून ठेवलेला, खाली दाणा नाही, आणि नुसतं घुंऽऽ चाललेलं.

"रिकामाच फिरवतोस?"

"या मामा! फिरू द्यावा. थांबला की अंग धरतो." गिरणीवाल्यानं हात झटकले, पिठाचा ढग उडाला. "चहा?"

"घेऊ." मामा पोत्यावर टेकले. मोटरचं घुंऽऽ होतंच, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. संथ, जड. थप्प... थप्प... थप्प. मागच्या फळ्यांच्या भिंतीपलीकडून.

"ते काय वाजतंय?"

"फळी. सैल झालीय. वाऱ्यानं हलते."

दारातून दिसणाऱ्या झाडाचं पानही हलत नव्हतं. मामांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांची नजर मीटरवर गेली. म्हणजे जिथं मीटर असायला हवं होतं तिथं. त्यावर गोणपाट लटकवलेलं होतं.

"पीठ उडतं ना," गिरणीवाला घाईघाईनं म्हणाला. "मीटर खराब होईल. सौरताई रागावेल."

तो चहा टाकायला वळला तसं मामांनी गोणपाटाचं टोक उचललं. मोटर फिरत होती, दगड फिरत होता, आणि मीटरचा आकडा मात्र ढिम्म. बराच वेळ पाहिलं. शेवटचा आकडासुद्धा जागचा हलला नाही.

चहा मामांना गोड लागेना. सापडला खरा चोर, आणि तो निघाला आपला शिंकणारा मित्र.

संध्याकाळी त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती सुटकेचा निःश्वास टाकेल. तिनं उलट डोक्याला हात लावला.

"मामा, गिरणीकाकांनी वीज चोरली असती तर बेरीज कमी आली असती. जास्त नाही! त्यांचं मीटर बंद पडलं असेल तर आपलं कोडं आणखीनच अवघड झालं. गिरणीनं खाल्लेली वीज मोजलीच जात नाही, तरी गावाची बेरीज मोठी. म्हणजे तो दाता मला वाटत होतं त्याहूनही मोठा दानशूर निघाला."

५

बाजाराच्या दिवशी मामा मुद्दाम बाजारात गेले नाहीत. दाता सुट्टी घेतो, तो सुट्टीत करतो काय, हे त्यांना पाहायचं होतं.

ओढ्याकाठानं वर गेलं की रंगाऱ्याचं घर. दोऱ्यांवर निळं, पिवळं, डाळिंबी कापड वाळत होतं. रंगारी पाटाच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून फळी सरकवत होता.

"आज बाजार, आणि तुम्ही इथं?"

"माझा बाजार कधीच नसतो, मामा. आज सगळे तिकडं. कापड घेऊन कुणी येत नाही. म्हणून हौद भरायचं काम मी आजच्या दिवशी करतो. ओढा अख्खा वळवतो माझ्याकडे." फळी बसली तसा ओढा वळण घेऊन पाटात शिरला. खालच्या पात्रातले दगड बघता बघता उघडे पडू लागले. "पाणी बघा कसलं दांडगं आहे. पाऊस थांबला तरी डोंगर आठवडाभर पाझरत राहतो. उलट पाऊस थांबल्यावरच ओढ्याला खरा जोर चढतो. आधी जमीन पिते, मग सोडते."

"काय म्हणालास?"

"आधी जमीन पिते—"

मामा वळले सुद्धा. रंगारी मागून ओरडला, "अहो, चहा तरी!" पण मामा उतरणीला लागले होते.

गिरणीत ही झुंबड उडालेली. बाजारासाठी आलेले लोक दळण घेऊनच परतायचे. दगड भरडत होता, मोटर ओझ्याखाली कण्हत होती. मामा दाराशी कान देऊन उभे राहिले. थप्प थप्प आज बंद होतं.

"फळी दुरुस्त केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे... हो. ठोकली." गिरणीवाल्यानं घाम पुसला. त्याचा सदरा पिठानं पांढरा होता आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

मामांनी त्या ओल्या पायजम्याकडे पाहिलं. गिरणीवाल्यानं मामांकडे पाहिलं. मग त्याला अशी जोरात शिंक आली, की रांगेतली बाई दचकून मागं सरकली.

६

"मोटर बसवलीस तेव्हा गिरणीच्या जुन्या पाणचक्कीचं काय केलंस?" मामांनी केंद्रात पाऊल टाकता टाकताच विचारलं.

भाचीनं मान वर केली. "काही नाही. मागच्या बाजूला आहे अजून. फक्त चक्रावरून दगडाला जाणारा पट्टा काढून टाका म्हणून सांगितलं. एका दगडाला दोन मालक नकोत. गिरणीकाका हो म्हणाले."

"तू पट्टा काढलेला पाहिलास?"

खिडकीबाहेर शेळ्यांच्या गळ्यातली घंटी वाजली. भाचीनं नकारार्थी मान हलवली.

"झड लागते, ओढा भरतो, तेव्हा तुझा दाता येतो," मामा बोटांवर मोजत म्हणाले. "पाऊस थांबल्यावर ओढ्याला जोर, तेव्हा त्यालाही जोर. बाजाराच्या दिवशी रंगारी ओढा वळवतो, त्या दिवशी दाता नाही. आणि फळ्यांमागचं थप्प थप्प, तेही नाही. मी सांगतो, ती फळी नाही. पट्ट्याचा जोड पुलीवर आपटतोय. एवढं मला कळलं. पण चक्राचा आणि तारेतल्या विजेचा काय संबंध, तिथं माझं घोडं अडलं. चक्र पिठाचं आहे, विजेचं नव्हे."

भाची हळूहळू उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, की मामा बघतच राहिले.

"मामा, मोटर वीज खाते आणि फिरते. तिची एक ठरलेली चाल असते. पण ती चालू असताना बाहेरून कुणी तिला त्या चालीपेक्षा जोरात फिरवलं ना, तर ती खायचं सोडून द्यायला लागते. तीच मोटर वीज तयार करते आणि आल्या वाटेनं तारेत परत ढकलते! काका दगड उचलून रिकामा ठेवतात, ओढा चक्र रेटतो, पट्टा मोटरला रेटतो... आणि त्यांचं मीटर फक्त आत आलेली वीज मोजतं. बाहेर गेलेली मोजत नाही. म्हणून ढिम्म." ती मटकन खाली बसली. "चूक माझीच आहे. मी जाऊन पाहायला हवं होतं. हो म्हणाले, म्हणून विश्वास ठेवला."

"त्याच्यावर सगळेच ठेवतात. शिंक येईपर्यंत."

"मोठ्या बाई परवा येणार. काकांचं नाव सांगायचं मग?" तिचा आवाज बारीक झाला. "पट्टा जप्त करतील. जोडणी तोडतील. त्यांची गिरणी बंद पडेल."

"आणि नाही सांगितलं तर तू बंद पडशील."

मामांनी टोपी डोक्यावर ठेवली. "त्याला मी कागदाशिवाय कधी बोलावलेलं नाही. आज बोलावून बघतो."

७

मामांनी गिरणीवाल्याला फार काही विचारलं नाही. ते आत जाऊन पोत्यावर बसले आणि म्हणाले, "जास्त वीज कुठून आली ते सांगता येत नाही, म्हणून पोरीची नोकरी चालली आहे. तिच्यावर आळ आलाय."

गिरणीवाल्याच्या हातातलं माप खाली पडलं.

"सौरताईवर? का? तिनं काय केलं?"

"तिनं काही नाही केलं. केलं तुझ्या पट्ट्यानं."

गिरणीवाला उठला आणि मागची फळी त्यानं आपल्या हातानं बाजूला केली. पलीकडे हिरव्या शेवाळाचं, माणसाहून उंच लाकडी चक्र ओढ्यात फिरत होतं. त्याच्या आसावरून निघालेला चामडी पट्टा आत येऊन दगड फिरवणाऱ्या मोटरच्या पुलीला वेढा घालत होता. थप्प... थप्प.

"बापाच्या हातचं आहे," तो म्हणाला. "मामा, लाकडाचं चक्र थांबवता येत नाही. अर्धं पाण्यात भिजतं, अर्धं उन्हात वाळतं, एका अंगाला जड होतं आणि पुन्हा कधी सरळ फिरत नाही. रात्री ऊन नसतं, तेव्हा पाणी अडवून ठेवलं तरी चालतं. बाजाराच्या दिवशी रंगारी पाणी नेतो, तर तेवढा दिवस पट्टा उतरवून मी मधून मधून जाऊन हातानं फिरवतो. नुसतं मोकळं फिरू दिलं असतं, पण मोकळं चक्र उधळतं. त्याला काहीतरी ओझं लागतं. तिनं पट्टा काढा म्हटलं, मी हो म्हटलं, आणि कायमचा काढवेना. मग मीटर थांबलं. मला वाटलं, माझ्या हातून मोडलं. चोर म्हणतील. म्हणून गोणपाट टाकलं." त्यानं डोळे पुसले, हात पिठाचे, त्यामुळं तोंड अजूनच पांढरं झालं. "ती पोर माझ्याकडं काका म्हणून येते. तिला खोटं सांगितलं, तेच गळ्याशी अडकलं होतं."

मोठ्या बाई आल्या, तेव्हा गिरणीवाला स्वतःच केंद्राच्या दारात उभा होता. स्वच्छ कपडे घालून आला होता, फक्त कानात पीठ राहिलं होतं. त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. भाचीनं मध्ये थांबवून स्वतःची चूक सांगितली. दोघांत कुणाची चूक मोठी यावर थोडी हुज्जतही झाली.

"बोलणं पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. "दाखवा."

गिरणीत भाचीनं पट्टा उतरवला. हातातल्या यंत्रावर केंद्राची आणि गावाची बेरीज जुळली. नेहमीसारखी जराशी कमीच. गोणपाट काढलं, तर मीटर टिकटिक धावत होतं. मग पट्टा चढवला. मोटरचा सूर बदलला, मीटर झोपी गेलं, आणि यंत्रावर जास्तीची वीज परत आली. मोठ्या बाईंनी पट्टा पुन्हा उतरवायला लावला, पुन्हा चढवायला लावला. तिसऱ्यांदा त्या स्वतः पाहायला मागं गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

गिरणीवाला शिंक दाबून लालबुंद झाला होता.

मोठ्या बाई चक्रासमोर साडीचा पदर खोचून उभ्या होत्या. तुषार उडून त्यांचा चष्मा भिजला होता आणि त्यांनी तो पुसलाही नव्हता.

"हे कुठल्याच नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या.

गिरणीवाल्यानं मान खाली घातली.

"ताई, ढगाळ दिवसांत तुमचं केंद्र किती देतं?"

"निम्म्याहून कमी, मॅडम. म्हणून तर टेकडीवरच्या वस्तीचं अडलंय. झडीत त्यांना पुरवायचं कसं, हाच प्रश्न होता."

"आणि झडीत हा ओढा कसा असतो?"

भाची चक्राकडे वळली. उत्तर समोर गरगर फिरत होतं.

"चक्राला त्याच्यासाठीचं नीट यंत्र लावा. पीठ दळायची मोटर वेगळी ठेवा. आणि दोन्हीकडून मोजणारं मीटर बसवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "अर्ज मी नेते. आणि ताई, यापुढं कुणी हो म्हणालं तरी जाऊन बघायचं. हे मी बोलतेय, ते तुम्ही पुढंही इथंच राहणार आहात म्हणून."

दाबून ठेवलेली शिंक त्याच वेळी सुटली. ओढ्यापलीकडची पाखरंही उडाली.

८

टेकडीवर खांब उभे राहू लागले तोवर इंजिनवाल्याच्या पाइपातली पिल्लं उडून गेली होती. त्यानं इंजिन एकदा चालवून पाहिलं, समाधानानं बंद केलं, आणि पाइपाच्या तोंडाला जाळी लावायचं मुद्दाम विसरला.

एका दुपारी भाचीनं मामांच्या हातात पाकीट दिलं. "गिरणीकाकांना पोचव. चक्राच्या मंजुरीचं पत्र आहे. माणसानं नेऊन द्यायचं असतं, म्हटलं तू आहेस तर पोस्ट कशाला?"

मामांनी वाटेत पाकीट उघडून पाहिलं. नोकरीत असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं. खाली सही होती भाचीची, आणि सहीखाली केंद्रप्रमुख हा शिक्का. तो त्यांनी झाडाच्या सावलीत थांबून, चष्मा लावून, सावकाश वाचला. मग पाकीट नीट बंद केलं.

गिरणीमागच्या घराची कडी त्यांनी जुन्या सवयीनं वाजवली. दार किलकिलं झालं. गिरणीवाल्याची बायको मामांकडे, मग त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघू लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण ते तिनं आवरलं.

"ते घरी नाहीत," ती म्हणाली.

मामा उंबऱ्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि दारामागं शिंक कधी येते त्याची वाट पाहू लागले.